पेशींमधून कर्करोगाचा माग काढणारे डॉ. पापानिकोलाऊ

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान एके काळी बहुधा रोग बळावल्यानंतरच होत असे. कोणतेही लक्षण दिसण्यापूर्वी त्याचा माग काढण्याची साधी, अल्पखर्ची पद्धत जगाला देणारे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील किमी या गावी झाला. वडील डॉक्टर होते. अथेन्स येथे १९०४ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर जॉर्ज यांचा ओढा मात्र संशोधनाकडे राहिला. १९१० मध्ये म्युनिक येथे त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

१९१३ मध्ये पत्नी आंद्रोमाखीसह ते न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा हाती पैसा जेमतेम होता. पोटासाठी त्यांनी दुकानात गालिचे विकले, पत्नीने बटणे शिवली. पुढच्याच वर्षी कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना काम मिळाले. गिनीपिगच्या मादीच्या योनिस्रावातील पेशी ऋतुचक्रानुसार बदलतात, हे त्यांनी स्टॉकार्ड यांच्यासमवेत १९१७ मध्ये मांडले. स्त्रियांमधील असेच बदल अभ्यासताना पत्नीने वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले. मेरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सहचारिणीने प्रयोगशाळेतही त्यांना आयुष्यभर साथ दिली.

रुग्ण स्त्रियांचे नमुने तपासताना सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना कर्करोगाच्या पेशी दिसल्या. १९२८ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष जाहीर केला. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाप्रत आले होते. परंतु ऊतीचा तुकडा तपासण्याची खात्रीची पद्धत असताना सुट्या पेशींवर विसंबण्यास तज्ज्ञ तयार झाले नाहीत. अखेर स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्या साथीने त्यांनी १९४१ मध्ये शोधनिबंध आणि १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पॅप चाचणी सर्वमान्य झाली. जेथे ती नियमितपणे राबवली गेली, त्या देशांत या रोगाचे मृत्यू लक्षणीय घटले.

हा रोग कशामुळे होतो, हे मात्र त्यांच्या हयातीत उलगडले नाही. १९८३-८४ मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने मानवी पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजेच एचपीव्हीचे, १६ व १८ हे प्रकार या कर्करोगात शोधून काढले. सुमारे ७० टक्के रुग्णांत हेच दोन प्रकार कारणीभूत असतात. २००८ मध्ये त्सुर हाउझेन यांना नोबेल मिळाले.

आज एचपीव्ही चाचणी सकारात्मक आली की अनेक स्त्रिया हादरून जातात. वास्तविक त्याचा अर्थ विषाणू आढळला एवढाच; कर्करोग झाला असा नव्हे. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच परतवून लावते. धोका असतो तो वर्षानुवर्षे टिकून राहणाऱ्या संसर्गाचा. धूम्रपान आणि क्षीण प्रतिकारशक्ती तो वाढवतात. तरीही पेशींतील बदलांपासून कर्करोगापर्यंतच्या वाटचालीस सहसा १५ ते २० वर्षे लागतात; प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास ५ ते १०. म्हणूनच अशा अहवालानंतर डॉक्टर पॅप चाचणी किंवा कोल्पोस्कोपी सुचवतात. कर्करोगपूर्व बदल आढळल्यास त्यावर वेळीच उपचार करून रोग टाळता येतो. अहवालाने खचून जाऊ नये, तसा तो कपाटात ठेवून विसरूही नये.

पापानिकोलाऊ १९६१ मध्ये मायामीला गेले. तेथे नव्या संस्थेची घडी बसवत असतानाच १९ फेब्रुवारी १९६२ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे भलेमोठे आडनाव ‘पॅप’ या दोन अक्षरांपुरते उरले. पण त्या दोन अक्षरांनी असंख्य स्त्रियांना आयुष्य दिले.