बालोद्यानाचा जनक

कागदाचा एक चौकोनी तुकडा, मूठभर वाटाणे, काही बारीक काड्या आणि ओल्या मातीचा गोळा! या वस्तूंना बाजारात मोल ते काय? परंतु अशाच क्षुल्लक वस्तूंतून लहान मुलांचे शिक्षण उभारता येईल, असे एका जर्मन शिक्षकाच्या मनाने घेतले व त्यासाठी त्याने आपले उत्तरायुष्य वेचले. फ्रेडरिक फ्रोबेल हे त्या शिक्षकाचे नाव.

फ्रोबेलचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंजिया या डोंगराळ प्रदेशातील ओबरवाइसबाख या खेड्यात झाला. तो अवघा नऊ महिन्यांचा असताना त्याची आई निवर्तली. वडील धर्मोपदेशक होते. परगण्यातील लोकांच्या सुखदुःखांतून त्यांना मुलाकडे पाहण्यास सवड मिळत नसे. पुढे घरात सावत्र आई आली. पण तिचीही माया त्यास लाभली नाही. हा पोरका मुलगा घराभोवतीच्या बागेत एकटाच रमू लागला. झाडे, फुले व पाखरे हेच त्याचे सोबती बनले. दहाव्या वर्षी मामाने त्यास आपल्या घरी नेले, तेव्हा कोठे त्याला प्रेम आणि बरोबरीचे सवंगडी मिळाले. आईविना गेलेल्या त्या बालपणाचे शल्य त्याच्या मनात जन्मभर राहिले.

पंधराव्या वर्षी तो एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. त्यानंतर येना येथील विद्यापीठात त्याने शिक्षण घेतले. परंतु तेथे थोड्याशा कर्जापायी त्यास नऊ आठवडे बंदिवासही भोगावा लागला. अनेक लहानमोठ्या नोकऱ्या करून १८०५ साली तो वास्तुविद्या शिकावी म्हणून फ्रांकफुर्ट शहरी गेला. तेथील एका शाळेच्या मुख्याध्यापकाने त्याच्यातील शिक्षक ओळखला व त्यास आपल्या शाळेत काम दिले. वर्गात पाऊल टाकताच आपले खरे कार्य आपल्याला गवसले, असे फ्रोबेलला वाटले.

१८०८ ते १८१० अशी दोन वर्षे त्याने स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझी या थोर शिक्षणतज्ज्ञाच्या सान्निध्यात काढली. मुलाने प्रत्यक्ष वस्तू पाहून व हाताळून ज्ञान मिळवावे, हे तत्त्व तेथे त्याच्या मनावर ठसले. पुढे बर्लिन येथील खनिज-संग्रहालयात काम करीत असता त्याने स्फटिकांचे निरीक्षण केले. निर्जीव दगडातही आकारांचा केवढा नेमकेपणा असतो, हे पाहून तो थक्क झाला. घन, गोल यांसारख्या साध्या आकारांतून मुलांना सृष्टीची ओळख करून द्यावी, या विचाराला तेथे बळ मिळाले.

१८१६ साली आपल्या पाच पुतण्यांना घेऊन त्याने शाळा काढली. दुसऱ्याच वर्षी ती काइलहाउ या खेड्यात गेली. तेथे मुले अभ्यासाबरोबर बागकाम, सुतारकाम व रानातील भटकंती करीत. तथापि मोठ्या मुलांना शिकवताना एक गोष्ट फ्रोबेलच्या ध्यानात आली. मूल शाळेत येण्यापूर्वीच त्याच्या स्वभावाचा पाया घातला जातो, आणि त्या कोवळ्या वयाकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते! त्या काळी कामकरी आईबापांच्या मुलांसाठी काही संस्था होत्या. परंतु मुलांना सांभाळणे यापलीकडे तेथे फारसे काही घडत नसे.

म्हणून १८३७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ब्लांकेनबुर्ग येथे त्याने अगदी लहान मुलांसाठी कार्य आरंभिले. या संस्थेला साजेसे नाव त्यास सुचत नव्हते. १८४० च्या सुमारास एकदा मित्रांसह डोंगरावरून जात असता खालचे हिरवेगार खोरे पाहून त्याला एकाएकी नाव सुचले. ते नाव म्हणजे किंडरगार्टन, अर्थात बालोद्यान. माळी रोप ओढून वाढवीत नाही. तो पाणी व ऊन यांची काळजी घेतो आणि रोप आपल्या शक्तीने वाढते. शिक्षकानेही तसेच वागावे, हा त्या नावाचा आशय होता. या बालोद्यानात प्रत्येक मुलासाठी जमिनीचा छोटासा वाफाही असे.

मुलांसाठी फ्रोबेलने खेळण्यांचा एक क्रम रचला व त्यांना देणग्या असे नाव दिले. पहिल्या देणगीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू होते. दुसरीत लाकडाचा गोल, घन व वृत्तचिती असे. गोल घरंगळतो, घन स्थिर राहतो आणि वृत्तचिती आडवी ठेवल्यास घरंगळते, उभी ठेवल्यास स्थिर राहते. हे मूल खेळता खेळता आपणच शोधून काढी. तिसऱ्या देणगीतील घनाचे आठ लहान घन होत. त्यांची खुर्ची रचावी, जिना रचावा आणि त्याच वेळी अर्धा, पाव व अष्टमांश यांचाही परिचय करून घ्यावा, अशी ती योजना होती.

देणग्यांच्या जोडीला हस्तव्यवसाय होते, व त्यांचे साहित्य फार स्वस्त असे. चौकोनी कागदाच्या घड्या घालून मुले निरनिराळ्या आकृती बनवीत. एका कागदाला कडा सोडून समांतर चिरा द्यावयाच्या व दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या त्यांतून एकदा वरून, एकदा खालून ओवावयाच्या, की सुबक चटई तयार होई. भिजवून मऊ केलेल्या वाटाण्यांत काड्यांची टोके खुपसून घरे व मनोरे उभे राहत. वाटाणे वाळले की काड्या घट्ट धरल्या जात आणि मनोरा पक्का होई. मातीकाम, कागदकाम व शिवणही असे. आपल्या हातांनी काही निर्माण केल्याचा आनंद मुलाला मिळावा, हा या सर्वांमागील हेतू होता.

पांढऱ्या केसांचा हा म्हातारा खेडेगावच्या पोरांबरोबर फेर धरून नाचे, तेव्हा लोक त्याला वेडा समजून हसत. फ्रोबेलने तिकडे लक्ष दिले नाही. त्याने तरुण स्त्रियांना बालशिक्षणाचे रीतसर शिक्षण देण्यास प्रारंभ केला. स्त्रियांना फारच थोडे व्यवसाय खुले होते, अशा त्या काळी ही मोठी धाडसाची गोष्ट होती.

कार्य बहरू लागले असतानाच त्यावर कठोर आघात झाला. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली. मुलांना नास्तिक व समाजवादी बनविले जाते, असा आरोप ठेवण्यात आला. त्याच्या कार्ल या पुतण्याने शिक्षणविषयक एक पुस्तिका लिहिली होती. अधिकाऱ्यांनी पुतण्याची मते चुलत्याच्या माथी मारली! फ्रोबेलने ही चूक दाखवून दाद मागितली; पण सरकारने आपला हुकूम मागे घेतला नाही. मन खचले, तरी त्याने शिकविणे सोडले नाही. २१ जून १८५२ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, मारिएंथाल येथे त्याने देह ठेवला. बंदी तेव्हा कायमच होती.

१८६० साली ती उठली. तोवर त्याच्या विचारांची बीजे दूरवर पोचली होती. १८५६ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन गावी एका जर्मन महिलेने तेथील पहिले बालोद्यान उघडले. १८७६ साली जपानच्या टोकियो शहरातही अशी शाळा निघाली. फ्रँक लॉइड राइट हा विख्यात अमेरिकन वास्तुशिल्पी बालपणी फ्रोबेलच्या ठोकळ्यांशी खेळला होता व त्याचे ऋण तो उतारवयातही मानी.

श्वाइना येथील फ्रोबेलच्या समाधीवर घन, वृत्तचिती व गोल असे तीन आकार एकावर एक रचलेले आहेत. आपल्याकडील बालवाडी या शब्दातील वाडी म्हणजेही बागच. राजाज्ञेने शाळांचे दरवाजे बंद झाले; परंतु घडीच्या कागदातून व वाटाण्याच्या मनोऱ्यातून मुलांच्या हाती गेलेली विद्या मात्र बंद करता आली नाही. ज्या मुलास स्वतःला आईची माया मिळाली नव्हती, त्याने जगातील असंख्य मुलांचे बालपण आनंदाचे केले, हीच त्याची खरी थोरवी होय.