वादसभेतून घडलेला माणूस : युसूफ मेहेरअली

वाचकहो, मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन कॉलेजात निघाली की आपल्या घराघरांतून एकच उपदेश ऐकू येतो. अभ्यास कर, पदवी घे, नोकरीला लाग. राजकारणाच्या भानगडीत पडू नकोस, सभेत तोंड उघडू नकोस. या उपदेशात आईवडिलांची माया आहे, तशीच भीतीही आहे. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी एकाच्या पगारावर सारे घर उभे असते, तेव्हा ही भीती अगदीच खोटी आहे असे म्हणता येत नाही. म्हणूनच एका मुस्लिम तरुणाचे चरित्र आपल्यापुढे ठेवावेसे वाटते. त्याने कॉलेजात असताना तोंड उघडले, त्याची पुरेपूर किंमत मोजली, आणि अवघ्या सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात देशाच्या इतिहासावर आपली मुद्रा उमटवली. त्याचे नाव युसूफ मेहेरअली.

सप्टेंबर १९०३ मध्ये मुंबईतील एका सधन खोजा कुटुंबात युसूफ यांचा जन्म झाला. मुंबईतील सुरुवातीच्या कापड गिरण्यांपैकी एक त्यांच्याच पूर्वजांनी उभारलेली होती. घरी कशाची वाण नव्हती. मनात आणले असते तर व्यापार सांभाळून त्यांना आरामात जगता आले असते. पण शालेय शिक्षण संपवून ते एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले आणि त्यांच्या आयुष्याला वेगळेच वळण लागले.

या कॉलेजला चर्चेची मोठी परंपरा होती. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी एक साहित्यिक व शास्त्रीय सभा स्थापन केली होती. तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखा होत्या. तेथे निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई. पण ही तरुण मंडळी बोलून थांबली नाहीत. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, त्यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या. तरुण दादाभाई नौरोजी या कार्यात अग्रभागी होते. विद्यार्थ्यांच्या चर्चेतून काय निष्पन्न होते, असा प्रश्न कोणी केला तर हे उदाहरण जरूर सांगावे.

इतिहास व अर्थशास्त्र हे युसूफ यांचे विषय. वर्गात जे शिकावे ते वादसभेत पारखून घ्यावे, असा त्यांचा क्रम असे. वादसभेची रीत आपणास ठाऊक आहेच. एक ठराव मांडला जातो, कोणी त्याच्या बाजूने बोलतो, कोणी विरुद्ध बोलतो आणि शेवटी सभा मत देते. या साध्या रीतीत तीन गोष्टींचे शिक्षण दडलेले आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागते. पुराव्यावाचून विधान करता येत नाही. आणि मत आपल्याविरुद्ध गेले तरी प्रतिस्पर्ध्याचा हात हसत हातात घ्यावा लागतो. मेहेरअलींच्या पुढील आयुष्यात हे तिन्ही गुण दिसून येतात.

विद्यार्थ्यांची फी वाढली तेव्हा ते विरोधाला उभे राहिले. हा प्रश्न त्यांच्या खिशाचा नव्हता, गरीब सहाध्यायांच्या खिशाचा होता. १९२४ व १९२५ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठे संप झाले. गिरणी कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला तेव्हा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्यांत मेहेरअली होते. वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. ज्याच्या घराण्याने गिरणी उभारली, तो कामगारांच्या बाजूने उभा राहिला. आपल्या फायद्याची बाजू कोणीही मांडतो. आपल्या फायद्याविरुद्ध असली तरी न्याय्य असलेली बाजू मांडायला वेगळे धैर्य लागते.

पदवीनंतर त्यांनी मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात कायद्याचा अभ्यास केला. याच काळात, १९२८ साली, त्यांच्या पुढाकाराने मुंबईत तरुणांची यूथ लीग उभी राहिली. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला सायमन आयोग मुंबई बंदरात उतरला. हिंदुस्थानचे भवितव्य ठरवायला आलेल्या या आयोगाच्या सातही सभासदांत एकही हिंदी मनुष्य नव्हता. मेहेरअली आणि त्यांचे साथीदार हमालांचा वेष घेऊन बंदरापर्यंत पोहोचले आणि काळी निशाणे दाखवून त्यांनी ‘सायमन गो बॅक’ ही घोषणा दिली. पोलिसांच्या लाठ्या त्यांच्या अंगावर पडल्या. पण ती तीन शब्दांची घोषणा थोड्याच दिवसांत देशभर पसरली. ती मेहेरअलींनी दिलेली, असे मानले जाते. वर्षानुवर्षे वादसभेत थोडक्यात व नेमके बोलण्याचा सराव केलेल्या माणसालाच अशी घोषणा सुचू शकते.

याची किंमत काय पडली? कायद्याची पदवी हाती आली, पण राजकीय हालचालींमुळे मुंबई हायकोर्टाने त्यांना वकिलीची सनद नाकारली. ज्या व्यवसायासाठी शिक्षण घेतले त्याचे दार कायमचे बंद झाले. पालकहो, आपल्या मनातील भीती ती हीच. ती मेहेरअलींच्या बाबतीत खरी ठरली, हे लपविण्यात अर्थ नाही. मात्र वकिली गेल्याने त्यांचे शिक्षण वाया गेले असेही झाले नाही.

१९३० च्या सत्याग्रहापासून त्यांच्या तुरुंगवाऱ्या सुरू झाल्या. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन करणाऱ्यांत जयप्रकाश नारायण व आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन यांच्याबरोबर मेहेरअलीही होते. १९३८ साली अमेरिकेत भरलेल्या जागतिक युवक परिषदेत त्यांनी हिंदी शिष्टमंडळाचे नेतृत्व केले. परदेशातील स्वस्त पुस्तिका पाहून आपल्या लोकांसाठीही तशाच पुस्तिका निघाव्यात, असे त्यांना वाटले आणि देशातील नेत्यांची छोटी चरित्रे त्यांनी प्रसिद्ध केली. कार्यकर्त्यांनी काय वाचावे याचा एक अभ्यासक्रमही त्यांनी तयार केला होता. बोलण्याआधी वाचले पाहिजे, हा कॉलेजातील धडा ते विसरले नव्हते.

१९४२ साली, तुरुंगात असतानाच, मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते महापौर झाले. त्याच ऑगस्टमध्ये गवालिया टँकच्या मैदानावर मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या अध्यक्षतेखाली ऐतिहासिक अधिवेशन भरले. ‘क्विट इंडिया’, म्हणजे आपले ‘चले जाव’, हे शब्दही मेहेरअलींनीच गांधीजींना सुचविले असे सांगितले जाते. ९ ऑगस्टला धरपकड झाली. मौलाना आझाद, पंडित नेहरू आदी नेत्यांना आपल्याच जिल्ह्यातील अहमदनगरच्या किल्ल्यात आणण्यात आले. मेहेरअलींना येरवड्याला पाठविण्यात आले. तेथे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. चांगल्या इस्पितळात हलविण्याची तयारी सरकारने दाखविली, तेव्हा माझ्याबरोबरच्या आणखी दोन आजारी कैद्यांनाही तीच सोय द्या, असा आग्रह त्यांनी धरला. तो मान्य झाला नाही आणि त्यांनी स्वतःची सोयही नाकारली. फीवाढीच्या वेळी जो विद्यार्थी दुसऱ्याच्या खिशाचा विचार करीत होता, तोच हा कैदी होता.

खचलेल्या प्रकृतीने पुन्हा साथ दिली नाही. स्वातंत्र्य पाहून, मुंबई विधानसभेत काही काळ काम करून, २ जुलै १९५० रोजी ते गेले. तीनच आठवड्यांपूर्वी साने गुरुजी गेले होते. मुंबईची रहदारी त्यांच्यासाठी काही क्षण थांबली. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ तारा या गावी त्यांच्या नावाचे सेवाकेंद्र पुढे उभे राहिले.

आता आपल्याकडे वळू. कॉलेजातील राजकारण म्हटले की मारामाऱ्या आठवतात, हे खरे. अशाच प्रकारांमुळे १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या निवडणुका बंद झाल्या आणि २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची पुन्हा तरतूद करावी लागली. पण वादसभेला निवडणूक लागत नाही. एक खोली, एक विषय आणि दोन बाजू एवढे पुरेसे आहे. एस.टी. वेळेवर न आल्याने मुलींचे तास बुडतात, शिष्यवृत्तीचे अर्ज कागदांअभावी अडतात, लग्नात हुंडा आणि जेवणावळी यांवर कर्ज काढले जाते. हे सारे आपले सामाजिक प्रश्न आहेत. त्यांवर आपल्या मुलामुलींनी बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

शिक्षक या नात्याने एक गोष्ट वारंवार दिसते. पाठ केलेले भाषण खणखणीत आवाजात म्हणून बक्षीस मिळविणारी मुले पुष्कळ असतात. समोरून एक प्रश्न आला की त्यांतील बरीचशी गोंधळून जातात. गप्प बसायला शिकविलेले मूल मोठेपणी कचेरीतल्या खिडकीपुढेही गप्पच उभे राहते. आपला हक्क त्याला ठाऊक असतो, पण तो मागायला शब्द सापडत नाहीत.

तेव्हा पालकहो, आपल्या मुलांना वाचू द्या, ऐकू द्या आणि बोलू द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बोलाल तेव्हा पुराव्यानिशी बोला, विरुद्ध बाजूचा मान राखून बोला, आणि अधूनमधून तरी स्वतःच्या फायद्याचा नसलेला विषय हाती घ्या. युसूफ मेहेरअलींची आठवण ठेवण्याची याहून चांगली रीत दुसरी नाही.