आजीच्या पाटल्या, एक पांढरी वाटी आणि जेम्स प्रिन्सेप

मागच्या वर्षी माझ्या फीसाठी आजीने तिच्या दोन पाटल्या मोडायचं ठरवलं. आम्ही नाशिकच्या सराफ बाजारात गेलो. पाटल्या घेताना दुकानदाराने २२ कॅरेट सांगितलं होतं, म्हणजे १००० भागांत ९१६ भाग सोनं. हॉलमार्क मात्र नव्हता. एक्सआरएफ मशीनवर आकडा आला ८४०. आजी एकदम गप्प झाली.

मशीन वरचाच थर बघतं, म्हणून आम्ही तपासणी केंद्रात भट्टीची टेस्ट करायला सांगितली. तिथे एक छोटी पांढरी वाटी दिसली.

वाटी काय करते?

हिला क्युपेल म्हणतात. ती मॅग्नेशियम ऑक्साइडची किंवा हाडांच्या राखेची असते. सोन्याचा बारीक तुकडा वजन करून, सोबत चांदी घालून शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात आणि वाटीत ठेवून १००० अंशांच्या आसपास तापवतात. शिशाचं ऑक्साइड होतं, ते वितळतं आणि तांब्यासारख्या भेसळीला घेऊन वाटीत मुरतं. मॅग्नेशियम ऑक्साइड मात्र २८०० अंशांपर्यंतही वितळत नाही, त्यामुळे वाटी टिकते.

उरतो सोन्या-चांदीचा मणी. तो ठोकून, पातळ पट्टी करून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळला की चांदी विरघळते आणि चोख सोनं राहतं. आधीचं वजन, नंतरचं वजन, झाला हिशोब!

टांकसाळीतला पारखी

घरी येऊन याबद्दल वाचत होतो, तर शाळेच्या इतिहासातलं एक नाव समोर आलं. ब्राह्मी लिपी वाचणारे जेम्स प्रिन्सेप! त्यांची नोकरी हीच होती, धातूचा कस काढायची.

प्रिन्सेप यांचा जन्म १७९९ चा. त्यांना वास्तुविशारद व्हायचं होतं, पण डोळ्यांनी साथ दिली नाही. मग ते रसायनशास्त्र आणि धातू तपासणी शिकले आणि १८१९ मध्ये, विशीत, कलकत्त्याच्या टांकसाळीत आले. पुढच्याच वर्षी त्यांना बनारसच्या टांकसाळीत पाठवलं. तेव्हाच्या वाट्या हाडांच्या राखेच्या असत, पद्धत मात्र हीच.

अडचण होती उष्णतेची. भट्टी जास्त तापली तर चांदी उडून जाते, कमी तापली तर शिसं मध्येच गोठतं. आणि इतकं तापमान मोजायला साधा थर्मामीटर चालत नाही. प्रिन्सेप यांनी सोनं, चांदी आणि प्लॅटिनमची वेगवेगळी मिश्रणं केली. प्रत्येक मिश्रण ठरावीक तापमानालाच वितळतं, म्हणजे कुठलं वितळलं त्यावरून भट्टी किती तापली ते कळतं. हे काम १८२८ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. सुमारे ०.२ मिलिग्रॅमचा फरक दाखवणारा तराजूही त्यांनी बनवला.

१८३२ मध्ये ते कलकत्त्याचे मुख्य पारखी झाले. जुनी नाणी हाताखालून जात होती, त्यावरची अक्षरं मात्र कुणाला वाचता येत नव्हती. सांचीच्या कठड्यांवरचे बरेच छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे त्यांच्या लक्षात आलं. तो शब्द असावा ‘दानं’, असा अंदाज त्यांनी केला. तिथून १८३७ मध्ये ब्राह्मी उलगडली. अतिकामाने तब्येत ढासळली आणि १८४० मध्ये, अवघ्या ४० व्या वर्षी, ते लंडनमध्ये वारले.

आणि आपलं नाशिक

पांडवलेणीतले लेखही ब्राह्मीत आहेत. पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्या अभ्यासकांनी ते वाचले. १० नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याच्या दानाचा हिशोब आहे. ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणून ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण. थोडक्यात, दगडात कोरलेला सोन्याचा भाव!

तुम्ही काय कराल?

आमच्या भट्टीचा आकडा आला ८३८. मशीन बरोबर होतं. फीला कमी पडलेले पैसे मामाने दिले.

तुम्ही दागिना घेताना त्यावरचा ६ अक्षर-अंकी एचयूआयडी बघा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. शुद्धता आणि तपासणी केंद्राचं नाव लगेच दिसतं. जुना, हॉलमार्क नसलेला दागिना असेल तर शुल्क भरून केंद्रात तपासून घ्या. मोडायच्या दिवशी नाही, त्याआधीच!