मोत्यांच्या किनाऱ्यावरचा डॉक्टर

करारपत्रावर अंगठा उठवून उसाच्या मळ्यात आलेल्या पूर्वजांची आम्ही लेकरे. म्हणूनच डॉ. पॉल हॅरिसन यांचे चरित्र या स्मरणिकेत सांगावेसे वाटते.

त्यांचा जन्म १८८३ साली अमेरिकेतील नेब्रास्का येथे झाला. जॉन्स हॉपकिन्स येथे वैद्यकीचे शिक्षण घेतल्यावर घरची चांगली कमाई सोडून ते अरेबियन मिशनमध्ये दाखल झाले व बहरीनच्या दवाखान्यात काम करू लागले. १९१७ साली इब्न सौद यांनी त्यांना रियाधला बोलावले. परधर्मीयांना तिथे सहसा थारा नसे. पण रोग्यांना बरे करणाऱ्या हातांना वाट मिळाली. पुढे इन्फ्लुएंझाच्या साथीत राजपुत्र तुर्कीही दगावला. त्या संकटातही डॉक्टर पुन्हा रियाधला गेले.

राजवाड्याचे दार उघडले, तरी ते गरिबांना विसरले नाहीत. मोती काढणारे पाणबुडे नाखव्याकडून उचल घेत. हिशेब नाखव्याच्या वहीत, आणि पाणबुड्याला अक्षरओळख नाही. कर्ज फिटत नसे. बाप मेला तर मुलाच्या माथी येई. १९२४ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात डॉक्टरांनी हा अन्याय जगापुढे मांडला. त्यांचा ख्रिस्तधर्म असा कामातून दिसला.

१९६२ साली ते वारले. आमच्या अनेक पूर्वजांनाही करारातला मजकूर वाचता आला नव्हता. मुलांनो, म्हणून सही करण्याआधी वाचायला शिका, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.