एडा लव्हलेस आणि उलटा भागाकार
कवी बायरनची कन्या एडा १८१५ साली लंडनला जन्मली. मुलीत बापाचा लहरीपणा उतरू नये म्हणून आईने तिला गणिताकडे वळविले. चार्ल्स बॅबेजच्या नियोजित यंत्रावर तिने १८४३ साली टिपणे प्रसिद्ध केली. त्यासाठी बॅबेजने करून दिलेल्या गणितातली मोठी चूक तिनेच हेरली. तरीही बर्नुली संख्यांच्या छापील तक्त्यात चौथ्या पायरीवर भाज्य-भाजकांची अदलाबदल राहून गेली. यंत्र पुरे झालेच नाही; मग चूक दाखविणार कोण? १८५२ साली, वयाच्या ३६व्या वर्षी ती वारली.

प्रोग्रामची बटणे चालतात पण उत्तर चुकते, तेव्हा विद्यार्थ्यांना मी हाच तक्ता कागदावर सोडवायला देतो. उलटा भागाकार यंत्र मुकाट्याने करते. तो सापडतो एकेक पायरी हाताने तपासणाऱ्यालाच.