तुरुंगात झबली घेऊन गेलेली बाई

मैत्रिणींनो, महिला कैद्यांसाठी साबण, कपडे गोळा करायला आम्ही मंडळाच्या बायका घरोघर जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. गुन्हा केलाय ना, मग एवढे लाड कशाला? अशा वेळी मला एलिझाबेथ फ्राय आठवते.

एलिझाबेथचा जन्म १७८० सालचा, इंग्लंडमधल्या नॉर्विचचा. माहेर सावकारी, सासर लंडनच्या व्यापाऱ्याचं. एकूण अकरा मुलं झाली. म्हणजे संसारातून मान वर काढायला फुरसत नाही, अशीच बाई. १८१३ च्या थंडीत तिच्या कानावर आलं, की लंडनच्या न्यूगेट तुरुंगात आजारी बायका उघड्या फरशीवर पडल्यात, तान्ह्या बाळांच्या अंगावर धड कपडा नाही. तिने ओळखीच्या बायका जमवल्या, उबदार झबली शिवली आणि थेट तुरुंग गाठला. अधिकारी आत जाऊ नका म्हणत होते. ही गेलीच.

आत सुमारे तीनशे बायका, शिवाय त्यांची मुलं. शिक्षा झालेल्या आणि खटला चालू असलेल्या, सगळ्या एकत्र. स्वयंपाक, धुणं, झोपणं तिथेच. अशा दाटीत उवा होतात आणि उवांमुळे टायफसचा ताप पसरतो. इंग्लंडात त्याला तुरुंगाचा तापच म्हणायचे, इतके कैदी त्याने दगावले होते. चोरीसाठी आत गेलेली बाई तापाने मरते, ही शिक्षा कोणत्या न्यायाधीशाने दिलेली असते?

एलिझाबेथने आजारी बायकांच्या अंगाखाली स्वच्छ पेंढा घातला. १८१७ मध्ये संस्था काढून मुलांची शाळा, बायकांना शिवण-विणकाम सुरू केलं. १८१८ मध्ये संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. १८२३ च्या कायद्याने महिला कैद्यांवर महिला पहारेकरी आल्या. बाईचं दुखणं बाईलाच मोकळेपणी सांगता येतं ना!

मधल्या काळात लहानगी लेक गेली, १८२८ मध्ये नवऱ्याचा धंदा बुडाला, लोकांनी नावं ठेवली. तिने काम सोडलं नाही. १८४५ मध्ये ती गेली.

आपल्याकडेही कैदी आईजवळ सहा वर्षांपर्यंतचं मूल राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये या मुलांच्या आहार, औषधपाण्याबद्दल आदेश दिलेत. त्या लेकरांनी काय गुन्हा केलाय? तेव्हा बायांनो, मंडळाच्या बायका दारात आल्या तर एक साबणाची वडी नक्की द्या.