नगरराज्याचे शिल्पकार : सर फिरोजशहा मेहता

ज्यांच्या नावावाचून मुंबईच्या नागरी जीवनाचा इतिहास अपुरा राहील, त्या सर फिरोजशहा मेरवानजी मेहता यांचा जन्म 4 ऑगस्ट 1845 रोजी मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून 1864 साली पदवी संपादन करून ते विलायतेस गेले व 1868 साली बॅरिस्टर होऊन परतले. 1890 च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. तथापि त्यांचे खरे जीवितकार्य मुंबईच्या नगरपालिकेत घडले.

त्या काळी मुंबईचा कारभार 1865 च्या कायद्यान्वये चाले. सरकारने नेमलेले जस्टिस ऑफ दि पीस, म्हणजेच जे.पी. मंडळी, नावापुरती देखरेख करीत. सर्व सत्ता सरकारनियुक्त म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती होती. क्रॉफर्ड कर्तबगार होते. त्यांनी रस्ते केले, गटारे बांधली, त्यांच्या नावाची मंडई उभारली. मात्र पैशाचा हिशेब त्यांना जुळविता आला नाही. त्यातच 1865 साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, शेअर सट्ट्यात पेढ्या बुडाल्या आणि वाढते कर असह्य झाले. 1871 पर्यंत करदात्यांचा संताप अनावर झाला होता. कमिशनरांचे अधिकार काढून ते जे.पीं.च्या समितीकडे द्यावेत, अशी मागणी जोर धरू लागली.

याच सुमारास फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये अवघ्या सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी आपला निबंध वाचला आणि प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. दोष एका व्यक्तीचा नसून तिच्यावर खऱ्या अर्थाने अंकुश ठेवणारे कोणी नाही, हा आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. काम करणारा अधिकारी एकच व जबाबदार असावा. त्याला मंजुरी देणारे, जाब विचारणारे मंडळ मात्र करदात्यांनी निवडलेले असावे. नेमलेल्या माणसांची समिती नेमलेल्या अधिकाऱ्यास कितीशी आवरणार? विश्वस्त आणि व्यवस्थापक यांतील भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा विचार सहज पटावा. त्या सभेस मात्र तो रुचला नाही. पण 1872 च्या कायद्याने 64 सभासदांचे मंडळ निर्माण केले व त्यांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. सुमारे साडेसहा लाख वस्तीच्या शहरात हा मताधिकार ठरावीक कर भरणाऱ्या थोड्यांपुरताच होता, हेही नमूद केले पाहिजे.

1884 व 1885 अशी सलग दोन वर्षे फिरोजशहा पालिकेचे अध्यक्ष होते. पुढे 1888 चा कायदा घडत असता विधिमंडळात त्यांनी व न्यायशास्त्रज्ञ काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मसुद्याचे कलम न् कलम तपासले. शहराचा कारभार महापालिकेच्या ठायी निहित राहील, हे तत्त्व त्यात नोंदले गेले. कमिशनर व स्थायी समिती यांची कार्ये ठरवून दिली गेली. सभासदसंख्या 72 झाली. मुंबईचा कारभार आजही, अनेक दुरुस्त्यांसह, त्याच कायद्याने चालतो.

पुढील दोन दशके सभागृहात त्यांचा शब्द सहसा खाली पडत नसे. अंदाजपत्रकावरील त्यांची पकड कमिशनरांनाही जड जाई. हे वर्चस्व काहींना जुलमासारखे वाटे, आणि तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता. 1907 साली काही बड्या युरोपीय अधिकाऱ्यांनी संगनमत केले. जे.पीं.कडून निवडावयाच्या 16 जागांसाठी त्यांनी आपली यादी पुढे केली आणि फिरोजशहा सतराव्या स्थानी ढकलले गेले. पस्तीस वर्षे ज्यांनी हे सभागृह घडविले, त्यांनाच त्याचे दार बंद झाले. मात्र निवडून आलेल्यांपैकी एक सभासद कायद्यानुसार अपात्र असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले व ती जागा फिरोजशहांना मिळाली. त्यांच्यासारख्याला तारले तेही निवडणुकीच्या नियमानेच.

5 नोव्हेंबर 1915 रोजी त्यांचे निधन झाले. 1923 साली पालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभारण्यात आला. सर्व प्रौढांना मताधिकार देणारी मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक व्हावयास मात्र 1948 साल उजाडावे लागले. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली, नवी निवडणूक लांबली आणि काही वर्षे या शहराचा कारभार पुन्हा एकट्या सरकारनियुक्त प्रशासकाच्या हाती राहिला.